रुमांचच्या खोऱ्यांत पाच दिवस

पहिला दिवस, २६ फेब्रुवारी : कूर

झुरिकहून निघालेली आगगाडी सव्वा तासात कूरला पोचते. वाटेत झुरिकचे तळे संपते, थोड्या वेळाने डावीकडे वालेनझे हे दुसरे, लांबट आणि अरुंद तळे लागते, आणि त्याच्या पलीकडे कड्यांची सलग भिंत उभी राहते. माझी भाची झुरिकमध्ये नोकरी करते, तिला जर्मन चांगले येते आणि या प्रवासात ती माझ्यासोबत होती. स्थानकाची पाटी वाचून तिने विचारले, “मावशी, झे म्हणजे तळे हे मला माहीत आहे, पण वालेन म्हणजे काय?” मुद्रितशोधनाच्या कामात तीस वर्षे गेल्यामुळे नाव दिसले की त्याची फोड करून पाहण्याची मला सवय आहे, आणि स्वित्झर्लंडच्या ज्या रुमांच भाषेसाठी हा प्रवास ठरवला होता तिच्या गोष्टीची सुरुवात याच शब्दापासून होते.

जुन्या जर्मानिक बोलींमध्ये ‘वाल्ह’ म्हणजे परका माणूस, त्यातही केल्टिक किंवा लॅटिन वळणाची भाषा बोलणारा शेजारी. ब्रिटनमधल्या वेल्सचे नाव, बेल्जियममधल्या वालून लोकांचे नाव आणि बाल्कन प्रदेशातल्या व्लाखांचे नाव या एकाच शब्दातून निघाले आहे. पोलिश भाषेत इटलीला आजही याच मुळाचे नाव आहे. आणि अक्रोडाला इंग्रजीत वॉलनट म्हणतात तेही परक्यांच्या मुलखातले फळ म्हणूनच. वालेनझे म्हणजे परभाषकांचे तळे. त्याच्या पश्चिमेला जर्मन बोलणारे लोक येऊन राहिले होते आणि पूर्वेच्या टोकापासून पुढे रुमांच बोलणाऱ्यांची वस्ती होती.

ख्रिस्तपूर्व १५ मध्ये रोमन सैन्याने हे डोंगर जिंकले आणि त्यांच्याबरोबर आलेली बोलीभाषेतली लॅटिन इथल्या खोऱ्यांत रुजली. तिचीच आजची रूपे म्हणजे रुमांच, आणि हे नावही ‘रोमन रीतीने’ बोलणे अशा अर्थाच्या लॅटिन शब्दातून आले आहे. २० फेब्रुवारी १९३८ रोजी स्वित्झर्लंडच्या मतदारांनी नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी तिला देशाची चौथी राष्ट्रीय भाषा ठरवले. ही इटालियनची बोली आहे, असा दावा त्या काळी इटलीतून केला जात होता आणि त्याला हे उत्तर होते. इ.स. २००० च्या जनगणनेत सुमारे ३५ हजार लोकांनी रुमांच ही आपली मुख्य भाषा असल्याचे नोंदवले. एवढ्या लोकांच्या भाषेचे नाव भाचीच्या पाकिटातल्या प्रत्येक फ्रँकच्या नोटेवर आहे: जर्मन, फ्रेंच आणि इटालियनच्या जोडीला ‘बांका नात्सिउनाला स्विझ्रा’.

कूर ही ग्राउब्युंडेन कँटनची, म्हणजे प्रांताची, राजधानी. शहरात मात्र कानावर जर्मनच पडते. १४६४ च्या आगीत शहर जळाले, ते पुन्हा बांधायला जर्मन बोलणारे कारागीर आले आणि राहिले, आणि रुमांच मागे हटली. प्लेसूर नदीच्या पलीकडच्या पेठेचे नाव तेवढे जुने उरले आहे: वेल्शडॉर्फ्ली, म्हणजे वाल्हांचे खेडे. रोमन वस्तीचे अवशेष सापडले तेही याच पेठेत, आणि त्यांच्यावर वास्तुकार पीटर झुमटोर यांनी १९८६ मध्ये लाकडी पट्ट्यांची जी आच्छादने बांधली, त्यांतून झिरपणाऱ्या उजेडात आम्ही बराच वेळ उभ्या होतो. ज्यांनी शहराला नाव दिले ते लोक पुढे आपल्याच शहरात परके ठरले, हे त्या पायांच्या दगडांपाशी उभे असताना फार टोचते. जर्मनमध्ये ‘काउडरवेल्श’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ कोणाला न कळणारी बडबड, आणि त्याची व्युत्पत्ती कूरकडची वेल्श बोली अशी दिली जाते. मला आपला ‘म्लेच्छ’ आठवला. त्याच्या मुळाशीही अस्पष्ट बोलणे हाच अर्थ आहे.

रुमांचच्या महाकोशाचे कार्यालय कूरमध्येच आहे. काम १९०४ मध्ये सुरू झाले, पहिला भाग १९३९ मध्ये छापून निघाला, आणि अजून वर्णमालेचा शेवट गाठायचा आहे. प्रत्येक शब्दाखाली खोऱ्याखोऱ्यातला उच्चार, म्हणी, रूढी, अवजारांची चित्रे असा संसार मांडलेला असतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेला संस्कृतचा कोश ज्याने पाहिला आहे, त्याला या संथपणाचे नवल वाटणार नाही. शब्दाचे खरे काम घाईने होत नाही.

दुसरा दिवस, २७ फेब्रुवारी : डिसेंटिस, म्हणजेच मुस्तेर

ऱ्हाइन नदीच्या उगमाकडे जाणारी लाल गाडी सकाळी पकडली. वाटेतल्या खोल घळीला ‘रुइनाउल्ता’ म्हणतात. शब्द लॅटिन जाणणाऱ्याला लगेच उलगडतो: ‘रुइना’ म्हणजे पडझड आणि ‘आउल्ता’ म्हणजे उंच. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी इथे डोंगराचा कडा कोसळला, ऱ्हाइनचा मार्ग बुजला, आणि नदीने तो राडारोडा कापत आजची घळ तयार केली. पांढरट चुनखडीचे ते ढासळते कडे खिडकीतून दिसत असताना नावात एकही अक्षर जास्तीचे वाटत नाही. ही सगळी पडझड रानाने झाकली आहे, आणि त्या रानाच्या वरचे खोरे म्हणून पुढच्या प्रदेशाला ‘सुरसेल्वा’ म्हणतात. ‘सुर’ म्हणजे वर, ‘सेल्वा’ म्हणजे रान. तिथली बोली ती सुर्सिल्वान.

डिसेंटिसला दोन नावे आहेत आणि दोन्ही तिथल्या बेनेडिक्टाइन मठाची आहेत. जर्मन नाव आले ‘देसेर्तिना’, म्हणजे ओसाड जागा, या लॅटिन शब्दापासून, आणि रुमांच नाव मुस्तेर हे ‘मोनास्तेरिउम’, म्हणजे मठ, यापासून. पहिल्यात माणसे येण्यापूर्वीची जागा आहे, दुसऱ्यात ती आल्यानंतरची. १७९९ मध्ये फ्रेंच सैन्याने मठ जाळला तेव्हा त्याचा ग्रंथसंग्रहही गेला. आजची पांढरी, लांबलचक इमारत गावाच्या वर उभी आहे आणि त्या दिवशी बर्फापासून वेगळी ओळखू येत नव्हती.

पांढऱ्याला इथे ‘आल्व’ म्हणतात. फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश या मोठ्या बहिणींनी पांढऱ्यासाठीचा जुना लॅटिन शब्द सोडून जर्मानिक शब्द घेतला. ‘आल्बुस’ टिकला तो डोंगरातल्या रुमांचमध्ये आणि दूरच्या रोमानियनमध्ये. या शब्दाच्या शेवटाकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. ‘पांढरी भिंत’ असे म्हणायचे असेल तर सुर्सिल्वानमध्ये ‘मीर आल्व’ म्हणतात, पण ‘भिंत पांढरी आहे’ असे म्हणायचे झाले की ‘इल मीर एइ आल्व्स’ असा ‘स्’ शेवटी येतो. हा ‘स्’ म्हणजे लॅटिनमधल्या ‘आल्बुस’चा शेवटचा ‘स्’, दोन हजार वर्षे तगून राहिलेला. संस्कृतातल्या ‘नवः’चा विसर्ग आणि लॅटिनमधल्या ‘नोवुस’चा ‘स्’ एकाच मुळाचे आहेत. आपल्याकडे त्या विसर्गाचा पुढे ‘उ’ झाला, तेराव्या शतकातल्या मराठीत तो ‘देवु’ असा ऐकू येतो, आणि आज तोही गळून नुसता ‘देव’ उरला. आपल्याकडे जे पुसले गेले ते इथल्या दुकानदाराच्या तोंडी सहज ऐकायला मिळाले आणि मला मनापासून आनंद झाला.

त्या दुकानाच्या दारावर उघडण्याच्या वेळा लिहिल्या होत्या. बुधवारसमोर ‘मेसयाम्ना’ असा शब्द होता. मेस म्हणजे मधला आणि याम्ना म्हणजे आठवडा, मधला वार. हा शब्द मी वहीत उतरवून घेतला, कारण त्याची जोडी मला पुढे एंगाडीनच्या खोऱ्यात पाहायची होती.

दुपारी ‘मालून्स’ खाल्ले. एक-दोन दिवस आधी उकडून ठेवलेले बटाटे किसायचे, त्यांत मैदा कालवायचा आणि लोण्यावर मंद आचेवर पाऊण तास परतत राहायचे, म्हणजे दाणेदार, खरपूस रवाळ पदार्थ तयार होतो; सोबत सफरचंदाचा गोड गर आणि दुधाची कॉफी. वाढणाऱ्या बाईंनी बटाट्याला ‘त्रुफेल’ म्हटले. जमिनीतून उकरून काढायच्या अळंब्यांसाठीचा इटालियन शब्द बटाट्याला लागला, त्यातून जर्मन ‘कार्टोफेल’ आले आणि हा त्रुफेलही. नवीन कंद आला की माणूस ओळखीच्या कंदाचे नाव त्याला देतो.

तिसरा दिवस, २८ फेब्रुवारी : आल्बुला मार्गाने सामेदानला

आजचा दिवस बहुतेक गाडीतच गेला. ऱ्हाइनच्या काठाने परत खाली येऊन आल्बुला मार्गाची गाडी घेतली. हा मार्ग १९०३ मध्ये वाहतुकीला खुला झाला, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि लांडवासर नदीवरचा ६५ मीटर उंचीचा वळणदार पूल ओलांडून गाडी सरळ कड्यातल्या बोगद्यात शिरते तेव्हा डब्यातले सगळे खिडकीपाशी येतात. शेवटच्या लांब बोगद्यापलीकडे पाणी ऱ्हाइनकडे न जाता एन नदीला मिळते. जर्मन लोक तिला इन म्हणतात. पाण्याबरोबर बोलीही बदलते.

सामेदान हे याखिआम बिफ्रुन यांचे गाव. त्यांनी १५६० मध्ये बायबलचा नवा करार वरच्या एंगाडीनच्या पुतेर बोलीत छापला आणि या बोलीला लिखित रूप मिळाले. गावातल्या एका जुन्या वाड्याच्या भिंतीवर ‘चेसा’ हा शब्द होता. काल सुरसेल्वात हेच घर ‘कासा’ होते. संध्याकाळी खालच्या एंगाडीनकडे जाणारी गाडी घेतली. एका स्थानकाची पाटी अशी होती की नावातल्या ‘एस’नंतर आडवी रेघ आणि मग ‘सीएच’. व्यवसायाच्या सवयीने मला ती आधी मुद्रणदोष वाटली. पण ती रेघ हवीच: ती नसेल तर तीन अक्षरांचा मिळून ‘श’ होतो, आणि रेघ असल्यामुळे ‘श्च’ वाचले जाते. गावाचे नाव श्चांफ. देवनागरीत जे एका जोडाक्षराने साधते, त्यासाठी इथे एका रेघेवर भार टाकलेला आहे. पुढे ब्राइल गावाजवळ ‘पुंट ओटा’, म्हणजे उंच पूल, ही वरच्या आणि खालच्या एंगाडीनची जुनी सीमा लागते. ती अंधारात कधी ओलांडली ते कळले नाही. ग्वार्दा गावात उतरलो त्या घराच्या दारावरच्या दिव्याखाली मात्र ‘चासा’ असे लिहिले होते. कासा, चेसा, चासा: दोन दिवसांत एकाच घराचे तीन उच्चार पाहिले.

चौथा दिवस, १ मार्च : ग्वार्दा

मुक्कामासाठी १ मार्चचा दिवस मुद्दाम धरला होता. या दिवशी एंगाडीनमध्ये ‘चालांदामार्स’ असतो. सकाळी जाग आली तीच घंटांच्या आवाजाने. गळ्यात, कमरेला, हातात गुरांच्या घंटा घेतलेली मुले गावभर फिरत होती, प्रत्येक पाणवठ्याच्या हौदाला वळसा घालत होती, गात होती. मोठ्या मुलांच्या घंटा इतक्या जड की चालताना त्यांना मागे झुकावे लागत होते. हिवाळ्याला हाकलून लावायचे आणि गुरांना लवकरच गोठ्याबाहेर काढायचे, हा त्या गाण्यांचा आशय. नाव सरळ रोमन पंचांगातले आहे: ‘कालेंदे’ म्हणजे महिन्याचा पहिला दिवस, आणि जुन्या रोमन वर्षाचा आरंभ मार्चपासूनच होत असे. ‘कालेंदे’च्या मुळाशी ‘पुकारणे’ हे क्रियापद आहे, कारण पुरोहित महिना लागल्याचे पुकारून सांगत. आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर याच शब्दाचे. इथे तो शब्द भिंतीवर टांगलेला नाही, मुले त्याला गल्लीगल्लीतून पुकारत नेतात.

मुलांच्या अंगात निळे सदरे आणि डोक्यावर लाल टोप्या होत्या. लाल म्हणजे ‘कोचेन’. लॅटिनमध्ये ‘कोकुम’ म्हणजे ओकच्या झाडांवर वाढणाऱ्या, बीसारख्या दिसणाऱ्या एका किड्यापासून मिळणारा किरमिजी रंग, त्यावरून ‘कोकिनुस’ आणि त्यावरून ‘कोचेन’. आपला ‘किरमिजी’ हा शब्द फारसी-अरबी वाटेने आला आणि त्याच्या मुळाशी ‘कृमी’ आहे; किडाही तोच. लॅटिन बोलणाऱ्यांना त्या किड्यात फळाचे बी दिसले, पूर्वेकडच्यांना किडा दिसला, आणि रंगाला दोघांनी आपापल्या नजरेने नाव दिले. त्या एका टोपीकडे पाहताना माझे डोळे भरून आले. इतक्या दूरच्या दोन भाषा एका किड्यापाशी भेटतात हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि समोर पाहणे वेगळे.

ज्या घरात आम्ही उतरलो होतो त्याच्या मालकीणबाईंनी दुपारी घर दाखवले. बाहेरच्या भिंतीवर स्ग्राफितो होते: गडद गिलाव्यावर चुन्याचा पांढरा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून वेलबुट्टी, मासे, सूर्य असे आकार उमटवायचे. कमानीच्या दारातून आत आले की ‘सुलेर’ लागतो, गवताने भरलेली गाडी थेट मागच्या कोठारापर्यंत नेता येईल एवढी मोठी ओसरी. बाजूला सेंब्रा पाइनच्या फळ्यांनी मढवलेली ‘श्ट्युवा’, हिवाळ्यात सारे कुटुंब जिथे बसते ती ऊबदार खोली. फळ्या दोनशे वर्षांच्या असूनही लाकडाचा वास येत होता.

आणि मग स्वयंपाकघर. बाईंनी त्याला ‘चादाफ्यो’ म्हटले. मी त्यांना पुन्हा म्हणायला सांगितले आणि त्यांनी तुकडे पाडून म्हटले: चा-दा-फ्यो. ‘चा’ म्हणजे घर, ‘दा’ म्हणजे चे, ‘फ्यो’ म्हणजे विस्तव. विस्तवाचे घर. खोली घुमटाकार छताची, धुराने काळीभोर झालेली, आणि श्ट्युवाची भट्टी पेटवायचे तोंडही याच खोलीत होते. पूर्वी घरात उघडा विस्तव असे तो एवढ्याच दगडी खोलीत, कारण बाकी घर लाकडाचे आणि कोठार गवताने भरलेले. घरात विस्तवाला स्वतंत्र घर द्यावे लागले, म्हणून हा शब्द झाला. ‘फ्यो’ची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. लॅटिनमध्ये विस्तवाला ‘इग्निस’ म्हणत, तो आपल्या ‘अग्नी’चा सख्खा भाऊ; ‘फ्यो’ मात्र ‘फोकुस’पासून आला, आणि ‘फोकुस’ म्हणजे चूल. लॅटिनपासून झालेल्या एकाही भाषेच्या रोजच्या बोलण्यात विस्तवासाठी ‘इग्निस’ टिकला नाही, सगळीकडे चुलीच्या शब्दानेच त्याची जागा घेतली. आपण अग्नीपासूनची ‘आग’ राखली; पण घर वेगळे झाले हे सांगताना मात्र वेगळी चूल मांडली असेच म्हणतो.

रात्रीच्या जेवणात बटाटे होते. इथे त्यांना ‘माइलिन्तेर्रा’ म्हणतात, जमिनीतले सफरचंद. बुधवारही विचारला. उत्तर आले ‘मार्कुर्दी’, म्हणजे मर्क्युरीचा वार. मर्क्युरी म्हणजे आपला बुध ग्रह. एका डोंगरापलीकडे वार मोजून ठेवला आहे, इथे तो पुण्यासारखाच बुधाच्या नावाने चालतो.

पाचवा दिवस, २ मार्च : म्युश्टायर

झेर्नेझहून पिवळी टपालबस २,१४९ मीटर उंचीची खिंड चढते. खिंडीचे नाव ‘पास दाल फुओर्न’, भट्टीची खिंड. इथल्या डोंगरात पूर्वी लोखंड काढून भट्ट्यांत वितळवत. पलीकडे उतरलेले खोरे अगदी इटलीच्या सीमेला लागून आहे आणि शेवटचे गाव म्युश्टायर. परवाच्या मुस्तेरसारखेच हेही नाव ‘मोनास्तेरिउम’पासूनचे. आठव्या शतकात स्थापन झालेल्या या मठात अजून जोगिणी राहतात, आणि १९८३ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत आला तो चर्चमधल्या नवव्या शतकातल्या भित्तिचित्रांमुळे. तांबूस आणि करड्या रंगांतली ती चित्रे भिंतभर ओळीने मांडली आहेत. चर्चला रुमांचमध्ये ‘बासेल्जा’ म्हणतात, ‘बासिलिका’पासून. इटालियन आणि फ्रेंचने इथे दुसराच, ग्रीकमधून आलेला ‘एक्लेसिया’ हा शब्द स्वीकारला होता.

या खोऱ्यातल्या बोलीचे नाव याउअर. हे नाव कोणा राजाचे, गावाचे किंवा नदीचे नाही. शेजारची खोरी ‘मी’ला दुसरे काही म्हणतात आणि इथले लोक ‘याउ’ म्हणतात, एवढ्यावरून ते पडले. मी वहीत ओळीने मांडले: सुर्सिल्वानमध्ये ‘येउ’, सुत्सिल्वानमध्ये ‘योउ’, सुर्मिरानमध्ये ‘इया’, पुतेरमध्ये ‘एअउ’, ग्वार्दाच्या वाल्लादेरमध्ये ‘एउ’, आणि इथे ‘याउ’. सगळ्यांचे मूळ लॅटिन ‘एगो’, आपल्या ‘अहम्’चा दूरचा नातलग.

१९८२ मध्ये झुरिकचे भाषाशास्त्रज्ञ हाइनरिश श्मिड यांनी या सगळ्यांसाठी एक समाईक लिखित रूप तयार केले, रुमांच ग्रिशुन. सुर्सिल्वान, सुर्मिरान आणि वाल्लादेर या तीन बोलींपैकी दोघींत जे रूप मिळेल ते घ्यायचे, असा त्यांचा साधारण नियम होता. रात्रीसाठी दोन बोली ‘नोच’ म्हणतात आणि वाल्लादेर ‘नोत’, म्हणून ‘नोच’. ‘मी’च्या बाबतीत तिन्ही तीन तऱ्हा होत्या, तेव्हा घेतले गेले ते ‘याउ’. तरीही २००७ च्या सुमारास शाळेत आणलेले हे समाईक रूप खुद्द या खोऱ्याने २०१२ मध्ये मतदान करून परत पाठवले आणि मुलांच्या पुस्तकांत पुन्हा वाल्लादेर आणली. मला दोन्ही बाजू कळतात. सरकारी कागद पाच लिखित बोलींत काढणे अवघड आहे, आणि कोश, वर्तमानपत्र, कायदा यांना एक रूप लागतेच. पण वऱ्हाडी घरातले मूल पहिल्या दिवशी शाळेत आपला शब्द चुकीचा ठरल्याचे ऐकते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते हे मी पाहिले आहे, म्हणून या खोऱ्याच्या मताकडे माझे मन अधिक झुकते.

रात्री बर्फ पुन्हा पडू लागले. आम्ही अंथरुणाला टेकलो होतो तेवढ्यात दारावर टकटक झाली. भाचीने जर्मनमध्ये कोण आहे म्हणून विचारले. घरमालकीणबाई जास्तीचे पांघरूण घेऊन आल्या होत्या. बाहेरून त्यांचा आवाज आला, “याउ.”